श्रद्धा जाऊन परत आलेल्या माणसाला मराठीत काय म्हणायचं?

कातरवेळ: एका इंग्रजी लेखाचा अनुवाद करतेय आणि अडकलेय. लिहिणारी बाई कॅथलिक, मूल गेल्यावर चर्चला जाणं सोडते, प्रार्थना पण बंद, आणि बऱ्याच वर्षांनी हळूहळू परत जायला लागते. मधल्या काळात ती स्वतःला 'लॅप्स्ड' म्हणते. मी 'श्रद्धाभ्रष्ट' लिहिलं तर संपादक म्हणे शिवी दिल्यासारखं वाटतं, आणि पुढे 'पुनरागमन' लिहिलं तर म्हणे फलंदाज संघात परत आलाय का. साधा शब्द सुचवा ना कुणीतरी.

जुना_बाजार: पुनःश्रद्ध. नियमाने बनतो, अर्थ स्वच्छ आहे. वापरला की रुळतो.

चिंचेचा_कोळ: पुनःश्रद्ध! कुणी विचारलं काका कसे आहेत तर सांगायचं पुनःश्रद्ध आहेत? आमच्याकडे बार्शी भागात सरळ म्हणतात, माळ काढली आणि परत माळ घातली. माझ्या चुलत्यांचं तेच झालं, तरणा पोरगा गेला, यांनी गळ्यातली तुळशीची माळ काढून देव्हाऱ्यात ठेवली, मटण खायला लागले, एकादशी नाही काही नाही. 2020 ला पायी वारी झाली नाही आणि पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या ते टीव्हीवर बघून म्हातारा इतका चिडला की आम्हाला कळेना, याने तर सगळं सोडलंय मग याला काय त्याचं. 2022 ला वारी परत सुरू झाली तेव्हा आळंदीला जाऊन माळ घालून आले. त्यांना वेगळं नाव कुणी दिलं नाही, माळकरी म्हणजे माळकरी.

जुना_बाजार: किस्सा छान, पण कॅथलिक बाईच्या गळ्यात तुळशीची माळ घालणार का?

मांडवीकाठ: रोझरीला जपमाळच म्हणतात की मराठीत 🙂 आमच्याकडे कोंकणीत कुमसार शब्द आहे, पाद्रीपुढे पाप कबूल करायचं ते. बरीच वर्षं न गेलेला माणूस परत आला की आधी कुमसार. शिवाय मराठी बायबलमधला उधळ्या पुत्राचा दाखला सगळ्यांना माहीत आहे, तिकडून काही मिळतं का बघा.

कातरवेळ: तिथेच तर घोळ आहे. उधळ्या पुत्राने बापाचा पैसा उडवला. हिने काय उडवलं? पश्चात्ताप, प्रायश्चित्त, कुमसार, सगळे शब्द तिलाच आरोपी करतात, आणि लेखात तीच देवावर चिडलेली आहे.

ओवीवाला: 'अनुताप' बघा. आणि तुकोबांचं उदाहरण समोर असताना बायबलपर्यंत कशाला जायचं? 1630 च्या दुष्काळात धंदा बसला, पहिली बायको अन्न अन्न करत गेली, हे त्यांनी स्वतः अभंगात सांगितलंय. आणि लगेच पुढे काय येतं, तर देवाचं देऊळ भंगलं होतं ते दुरुस्त करावंसं मनात आलं. मध्ये श्रद्धा गेली, मग आली, असा शब्दच नाही तिथे. पडझड आणि डागडुजी, बस.

चिंचेचा_कोळ: मग माझंच म्हणणं आलं ना. मराठीत नेम मोडतो, वारी चुकते, माळ निघते. आत काय चाललंय ते कोण विचारतंय.

जुना_बाजार: हे अतीच झालं. 'देवावरचा विश्वास उडाला' हे काय तेलुगू आहे?

शेवग्याची_शेंग: सगळे कहाण्या विसरलात का?? उतू नको, मातू नको, घेतला वसा टाकू नको. आदित्यराणूबाई आठवा, वसा टाकला की दरिद्र, परत घेतला की वैभव. 'टाकलेला वसा परत घेतला' लिहा, आजीपासून नातीपर्यंत सगळ्यांना कळेल.

कातरवेळ: शब्दरचना आवडली, पण क्रम उलटा आहे हो. कहाणीत आधी वसा टाकते, मग संकट. इथे आधी संकट आलं, मग तिने टाकला.

नवा_सभासद_७: घरवापसी?

मांडवीकाठ: नको रे बाबा. आणि तो हिंदी आहे.

जुना_बाजार: वसा बद्दल एक. हल्ली पेपरात कुणाचाही सत्कार असला की 'समाजसेवेचा वसा आणि वारसा' छापतात. वसा म्हणजे व्रत, वडिलांकडून आपोआप मिळत नाही, स्वतः घ्यावा लागतो.

शेवग्याची_शेंग: लोक वापरतात म्हणजे अर्थ बदलला. आणि आमच्या घरी महालक्ष्म्यांचा दोरा असतो ना, आजी त्यालाच वसा म्हणायची. वसणे वरून आलाय, देवी घरात वसते म्हणून.

ओवीवाला: वसणे वरून कसा येईल? व्रताचाच झिजून वसा झालाय.

शेवग्याची_शेंग: र गेला समजू, त चा स कसा झाला ते सांगा आधी.

चिंचेचा_कोळ: आमच्याकडे 'उतू नको'चा अर्थ दूध उतू घालवू नको असा सांगायचे, खरंच. लहानपणी श्रावणात दूध तापवायला ठेवलं की मला गॅसजवळ उभं करायचे.

कातरवेळ: अहो माझी बाई राहिली बाजूला, शुक्रवारी द्यायचंय मला.

ओवीवाला: उतणे म्हणजे दूध उतणेच आहे, त्यात हसण्यासारखं काय? मातणेचं काय करायचं ते बोलूया. मत्त वरून आला म्हणतात, मला पटत नाही.