नेमार नव्हता, पण मधली फळी तरी भरायची होती

दादा, तुमचं म्हणणं असं की 2014 च्या फुटबॉल विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ब्राझीलचा नेमार जखमी, बचावपटू थियागो सिल्व्हावर कार्डांमुळे बंदी, मग जर्मनीनं 7-1 नं हरवलं यात प्रशिक्षक स्कोलारीचा काय दोष? मला नाही पटत.

सिल्व्हाच्या जागी दान्ते, हे ठीक. तो बायर्न म्युनिक या जर्मन क्लबचाच, जर्मन पोरांना ओळखून होता. पण नेमारच्या जागी बर्नार्ड, कडेनं धावणारा आघाडीवीर? समोर श्वाइनस्टायगर, खेदिरा, क्रूस असे तिघं मधे उभे. आपले, म्हणजे ब्राझीलचे, मागं दोघंच, गुस्ताव्हो आणि फर्नांडिन्यो. त्यात मार्सेलो आणि डेव्हिड लुईझ हे बचावपटू पुढं धावायलेत, मागं सगळं रान मोकळं. चौथा गोल पुन्हा बघा, क्रूसनं फर्नांडिन्योच्या पायातून चेंडू काढून घेतला तेव्हा मदतीला कुणी जवळ नाही.

23 ते 29 व्या मिनिटात चार गोल. आम्ही परभणीत रात्री दीडला टीव्हीसमोर बसलो होतो, मोठा भाऊ म्हणाला, "रिप्ले दाखवायलेत का रे?" कुणाच्या तोंडून शब्द फुटेना.

मधल्या फळीतले पाउलिन्यो आणि रामिरेस दोघंही बाकावर होते. उतरवले कधी? मध्यंतरानंतर, 5-0 झाल्यावर! त्यातला एक जरी सुरुवातीपासून मधे असता तर हरलो असतो कदाचित, पण असं नाही.

2002 चा विश्वचषक याच माणसानं जिंकून दिला, 2013 ला कॉन्फेडरेशन्स चषकाच्या अंतिम सामन्यात स्पेनला 3-0 नं हरवलं, ते मी विसरलेलो नाही. म्हणून तर त्या रात्रीचा संघ आजही डोक्यातून जात नाही.