मदत हवी आहे: आरव्हीचा प्लग लावण्याआधी कॅम्पवरची वीज कशी तपासता?

नमस्कार मंडळी. आई-बाबांना घेऊन भाड्याच्या आरव्हीने (आत राहायची सोय असलेली मोठी गाडी) अमेरिकेतल्या युटात मोआबकडे निघतोय. गाडीचा प्लग 30 अँपिअरचा. आधी कॅम्पच्या जागेवरच्या वीजखांबावरचा ब्रेकर बंद करून सॉकेट जळकं किंवा सैल नाही ना ते बघायचं. मग ब्रेकर चालू करून मल्टिमीटरने मोजायचं: फेज-न्यूट्रल 120 व्होल्टच्या आसपास, फेज-अर्थ तेवढंच, न्यूट्रल-अर्थ जवळपास शून्य. पुन्हा ब्रेकर बंद करून प्लग घट्ट बसवायचा. इथवर कळलंय.

खरी काळजी अर्थिंगची आहे. अर्थ तुटलेला असेल आणि गाडीत कुठे गळती असेल, तर बाहेरच्या पत्र्यालाच करंट येतो. ओल्या जमिनीवर अनवाणी उभी राहून दाराची कडी धरणारी आमची आईच असणार! प्लग लावल्यावर बिनस्पर्शाचा टेस्टर पत्र्याजवळ फिरवणं पुरेसं आहे का?

दुसरं, दुपारी सगळ्यांचे एसी सुरू झाले की व्होल्टेज उतरतं. तुम्ही कितीवर एसी बंद करता? साधा सर्ज प्रोटेक्टर कमी व्होल्टेजला वीज तोडत नाही, म्हणून ईएमएस (व्होल्टेज फार कमी-जास्त झालं की आपोआप वीज तोडणारं उपकरण) घ्यावा असं वाटतंय. गाडी भाड्याची, वायरिंगला हात लावता येणार नाही. खांबाला लावायचा पोर्टेबल कुणी वापरलाय का? कृपया अनुभव सांगा.