इंग्लंडमध्ये पीजीसीई (गणित): पहिल्या महिन्यात काय काय लावून घ्यावं?

सिन्नरची_वही

सप्टेंबरपासून इंग्लंडमध्ये माध्यमिक गणिताचं पीजीसीई (पदवीनंतरचा शिक्षक-प्रशिक्षण अभ्यासक्रम) सुरू होतंय, सोबत क्यूटीएस (तिथे शिक्षक म्हणून अधिकृत पात्रता). एम.एस्सी. झालंय, बी.एड. नाही. सरावाच्या शाळा कोणत्या ते तिथे पोचल्यावरच कळणार. निघण्याआधी इथून कोणती कागदपत्रं करून न्यावीत? घर विद्यापीठाजवळ घ्यावं का? फावल्या वेळात शिकवण्या घेतल्या तर खर्चाला हातभार लागेल का? आणि सगळ्यात मोठी धास्ती: आपल्या पद्धतीने गणित शिकवलं तर वर्गात कुठे अडेल?

ओसरी

शिकवण्यांचा विचार आधी डोक्यातून काढा. स्टुडंट व्हिसावर स्वतंत्र व्यवसाय करायला मनाई आहे आणि खाजगी शिकवणी त्यातच मोडते, मग पैसे रोख घ्या नाहीतर खात्यात. सत्र चालू असताना आठवड्याला 20 तासांपर्यंत नोकरी चालते. मात्र या अभ्यासक्रमात शाळेतले किमान 120 दिवस भरावे लागतात, त्यामुळे तेवढे तास हाताशी राहतील असं धरू नका. वर्षभराचा खर्च जुळवूनच निघा.

पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र पासपोर्ट सेवेच्या पोर्टलवरून इथूनच काढा. तिथे गेल्यावर तेच उच्चायोगामार्फत काढायला जास्त वेळ जातो. शाळेत जायला तिथली डीबीएस तपासणी (गुन्हेगारी नोंदींची) लागते, आणि परदेशात राहिलेल्यांकडे त्या देशाचं प्रमाणपत्रही मागतात. हे अडकलं की शाळेतला पहिला दिवस पुढे जातो आणि बुडालेले दिवस नंतर भरून काढावे लागतात. व्हिसासाठीचा टीबी तपासणीचा दाखला सहा महिनेच चालतो, तो फार आधी काढून ठेवू नका.

घर विद्यापीठाजवळ नको. विद्यापीठात जायचे दिवस थोडे, शाळेचे जास्त, आणि शाळा बदलतेही. रेल्वे स्टेशन किंवा मोठ्या बसस्थानकाला पायी जाता येईल असं घर बघा. भाड्याने देताना घरमालक शेअर कोड (तिथे भाड्याने राहायचा हक्क दाखवणारा कोड) मागेल, तो ई-व्हिसाच्या खात्यातून निघतो आणि 90 दिवस चालतो. अनामत पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही (वर्षाचं भाडं 50,000 पौंडांच्या आत असेल तर), आणि 30 दिवसांत ती सरकारमान्य ठेव योजनेत जमा व्हायला हवी. घरातले सगळेच पूर्णवेळ विद्यार्थी असतील तर कौन्सिल टॅक्स (स्थानिक प्रशासनाचा घरावरचा कर) माफ असतो. विद्यापीठाचं पत्र कौन्सिलला पाठवायचं. जीपीकडे (भागातल्या नेहमीच्या डॉक्टरकडे) नाव पहिल्याच आठवड्यात घाला, आजारी पडायची वाट बघू नका.

त्रैराशिक

गणिताचं मी सांगतो, कारण अडतं ते पद्धतीपेक्षा शब्दांनी.

पहिला शब्द 'इन्टू'. आपल्याकडे 'थ्री इन्टू ट्वेल्व्ह' म्हणजे 36. तिथल्या मुलाच्या कानाला तो भागाकार वाटतो, बारात तीन किती वेळा जातात, आणि तो 4 सांगतो. तुम्ही त्याला चूक म्हणाल आणि त्याला कारण कळणार नाही. गुणाकाराला 'टाइम्स' किंवा 'मल्टिप्लाइड बाय' असंच तोंडात बसवा. 'स्लोप'ऐवजी 'ग्रेडियंट'. 'स्टँडर्ड फॉर्म' म्हणजे तिथे 3.2 × 10⁵ अशी मांडणी. इयत्तेला 'स्टँडर्ड' नाही, 'इयर': इयर 7 वयाने आपली सहावी, इयर 11 दहावी. 'डाउट आहे का?' विचारलंत तर तुमच्या सांगण्यावर विश्वास आहे का, असं ऐकू जातं. 'एनी क्वेश्चन्स?' म्हणा. संख्येत स्वल्पविराम तीन-तीन अंकांवर, म्हणजे 1,00,000 नव्हे तर 100,000. घाईत फळ्यावर हात सवयीने आपल्याच जागी जातो.

पाढे 12 × 12 पर्यंतच अपेक्षित असतात. 17 चा पाढा गृहीत धरून उदाहरण घेतलंत तर मूळ मुद्दा बाजूला राहतो आणि वर्ग गुणाकारातच अडकतो. उदाहरणातले आकडे आधी त्या अंगाने तपासा. 22/7 वर भर नसतो. उत्तर π मध्येच ठेवतात किंवा कॅल्क्युलेटर वापरतात. भागाकाराला मुलं 'बस स्टॉप' म्हणतात, हातची बाकी पुढच्या अंकाच्या डोक्याशी बारीक लिहून एका ओळीत उरकतात. बरीच मुलं गुणाकार चौकटी आखून करतात. उत्तर बरोबर येत असेल तर त्यांची मांडणी मोडू नका, आधी तीच स्वतः शिकून घ्या.

जीसीएसई (इयर 11 च्या शेवटची शालान्त परीक्षा) गणिताचे तीन पेपर, प्रत्येकी दीड तास आणि 80 गुण, पहिल्यात कॅल्क्युलेटर नाही. फाउंडेशन (सोप्या) पातळीला 1 ते 5 श्रेणी, हायरला (अवघड) 4 ते 9. दोन्ही पातळ्यांचे जुने पेपर निघण्याआधी हाताने सोडवा. जिथे प्रश्नाचं इंग्रजी दोनदा वाचावं लागलं तिथे खूण करा, मुलंही बहुधा तिथेच अडखळतात.

पाटीपेन्सिल

यात एक राहिलं, आणि माझ्या मते तेच सगळ्यात गंभीर आहे: मुलांची सुरक्षितता. 'कीपिंग चिल्ड्रन सेफ इन एज्युकेशन' या सरकारी पुस्तिकेचा पहिला भाग शाळेत जाण्याआधी वाचावाच लागतो. मूल काही सांगू लागलं तर 'कुणाला सांगणार नाही' असा शब्द कधीही देऊ नका. खोदून प्रश्न विचारू नका. त्याचे शब्द आहेत तसे लिहा आणि शाळेतल्या ठरलेल्या सुरक्षितता अधिकाऱ्याला त्याच दिवशी द्या. ते कोण, हे पहिल्या दिवशीच विचारून ठेवा. स्वतःच्या फोनवर मुलांचा फोटो नाही, मुलांना नंबर नाही, समाजमाध्यमांवर मैत्री नाही. पाठीवर शाबासकीची थाप देण्याची आपली सवयही तिथे आवरा.

वर्गाच्या शिस्तीसाठी शाळेचा लेखी नियमक्रम असतो: पहिली ताकीद, दुसरी, मग पुढचं पाऊल. तो पाठ करा. एका मुलाला दोन ताकिदी आणि दुसऱ्याला चार दिल्या की वर्ग ते लगेच हेरतो.

सिन्नरची_वही

'इन्टू'चं खरंच माहीत नव्हतं, आभार. रेल्वेसाठी 16-25 कार्ड घ्यावं ना? एक तृतीयांश सूट म्हणतात.

ओसरी

सुट्टीत फिरायला घ्या. पंचविशी उलटलेल्या पूर्णवेळ विद्यार्थ्यांनाही ते मिळतं. शाळेच्या फेरीला मात्र फारसा उपयोग नाही. सोमवार ते शुक्रवार पहाटे 4:30 ते सकाळी 10 मध्ये त्या कार्डावर किमान 12 पौंडांचं भाडं लागतं, फक्त जुलै-ऑगस्ट आणि सार्वजनिक सुट्ट्या सोडून. रोजचं तिकीट त्याहून स्वस्त असेल तर सूटच नाही. सुरुवातीला आठवड्यातून दोनच दिवस शाळा असेल तर फ्लेक्सी सीझन तिकीट बघा: 28 दिवसांत कोणतेही 8 दिवस. पाच दिवस सुरू झाले की आठवड्याचा पास. शाळेचं नाव हाती आलं की त्याच संध्याकाळी सकाळी आठच्या आत पोचवणारी गाडी आहे का ते तपासा, आणि नसेल तर लगेच विद्यापीठाला कळवा. शाळा सुरू झाल्यावर बदलून मिळणं अवघड जातं.