गावचं सागवानी कपाट: मशीनने घासून पीयू मारावं का?

खाडीकाठ_ऐरोली
संगमेश्वरच्या घरातलं पणजोबांच्या वेळचं कपाट ऐरोलीच्या फ्लॅटवर आणलंय. साडेसहा फूट उंच, साडेतीन रुंद. चौकट आणि दारं सागवानी, दारांच्या कडेने शिसवी पट्टी, एका दाराला आरसा, खाली दोन खण. दर्शनी भाग काळपट आणि हाताला चिकट लागतो. दोन्ही बाजूंना कधीतरी हिरवा ऑइलपेंट मारलाय. मागच्या फळ्या आणि खणांचे तळ हलक्या लाकडाचे, त्यांतून पिठासारखी भुकटी गळते. उजवा खण अडकतो, मागचा एक पाय हलतो, आणि डाव्या दाराच्या पॅनेलला उभी चीर आहे, वर साधारण ३ मिमी, खाली येता येता मिटलेली.

पॉलिशवाला म्हणतो, मशीनने घासून पीयू (पॉलियुरेथेन, प्लॅस्टिकसारखा कडक थर) मारतो, गणपतीच्या आत देतो. द्यावं का? घरी करायचं तर सुरुवात कुठून?

रंधा_पटाशी
गणपतीचा विचार सोडा. श्रावणात खाडीकाठच्या फ्लॅटमध्ये लाकूड ओलं असतं. वरून पीयू मारलं की ओल आत कोंडते आणि दिवाळीनंतर कडांपासून पापुद्रे सुटतात. पॉलिशचं काम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. तोवर कीड आणि सांधे, एवढंच करा.

भुकटी मैद्यासारखी बारीक आणि भोकं १-२ मिमीची असतील तर तो घुण आहे, वाळवी नव्हे. वाळवी मातीचे बोगदे करते. घुण सागाच्या गाभ्याला सहसा हात लावत नाही, त्याला बाहेरचं पांढरं लाकूड आणि जंगलीच्या (हलक्या, स्वस्त लाकडाच्या) फळ्या लागतात, म्हणून तुमची चौकट बहुधा शाबूत असेल. पटाशीचं टोक दाबून बघा. टोक सहज आत गेलं तर ती फळी बदला, तिथे हळहळू नका.

बाकीच्या भोकांत इंजेक्शनच्या सिरिंजने 'टर्मिनेटर'सारखं लाकडाचं वाळवीनाशक भरा. भोकं आतून जोडलेली असतात, एकात सोडलं की दुसऱ्यातून बाहेर येतं. डोळ्यांवर चष्मा हवाच. भरून झालं की प्लॅस्टिकमध्ये आठवडाभर गुंडाळून ठेवा. नंतर खाली काळा कागद अंथरा. महिन्याभराने त्यावर ताजी भुकटी दिसली तर पुन्हा भरायचं. भोकं लांबीने (भेगा-भोकं भरायच्या लगद्याने) बुजवायची ती त्यानंतरच, नाहीतर कीड जिवंत आहे की मेली हे कळायला मार्ग राहत नाही.

खण अडकतोय म्हणून आत्ता रंधा मारू नका. लाकूड आडवं फुगलंय. आज तासलंत तर जानेवारीत तोच खण खुळखुळेल. पट्ट्यांवर मेणबत्ती घासा, तेवढ्याने दिवस निघतील.

नौपाडा_फिनिशर
घासण्याआधी जुनं पॉलिश कसलं आहे ते तपासा. बिजागरीच्या मागे, न दिसणाऱ्या जागी, कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेऊन अर्धा मिनिट धरा. पृष्ठभाग चिकट झाला तर चपडीचं (लाखेच्या पापुद्र्यांचं) पॉलिश. स्पिरिटने काही झालं नाही आणि एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरने मऊ पडलं तर त्याच जातीचं लॅकर पॉलिश. दोन्हींना दाद देत नसेल तर मेलामाइन (पीयूसारखंच कडक रासायनिक पॉलिश), पीयू किंवा तेलरंग.

एक फसगत इथे हमखास होते. शिसवीचा स्वतःचा रंग स्पिरिटमध्ये उतरतो. पट्टीवर बोळा जांभळट तपकिरी झाला म्हणजे जुनं पॉलिश निघालं असं समजून लोक घासत सुटतात. खूण चिकटपणाची धरा, रंगाची नव्हे. आणि तो बोळा शेजारच्या सागावर फिरवू नका, डाग आत मुरतो.

खाडीकाठ_ऐरोली
तपासलं. सागावर अर्ध्या मिनिटात चिकट झालं. म्हणजे चपडी ना? मग मशीन लावायचंच नाही का?

नौपाडा_फिनिशर
लावायचं नाही. चपडीवर नवी चपडी एकजीव होते, सगळं उतरवायची गरजच नसते. तो काळपट थर म्हणजे मेण, तेल आणि धूर. मऊ फडक्यावर टर्पेंटाइन घेऊन पुसा, फडकं सारखं बदलत राहा. चपडी टर्पेंटाइनमध्ये विरघळत नाही, मळ तेवढा निघतो. मशीन लावलंत तर कोरीव कडा बोथट होतात आणि शंभर वर्षांत सागाला चढलेला रंग भुश्यात जातो. जिथे पॉलिश उडून लाकूड उघडं पडलंय तिथेच २२० नंबरचा काचपेपर, रेषेच्या दिशेने, हाताने.

पॉलिश घरी करा, तयार बाटली किती जुनी आहे कळत नाही. १ लिटर स्पिरिटमध्ये २५० ग्रॅम चपडी, काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या बाटलीत रात्रभर. लोखंडी डबा नको, पॉलिश काळं पडतं. सकाळी मलमलमधून गाळा. काचेवर एक थेंब टाकून दुसऱ्या दिवशी नख लावून बघा, चिकट असेल तर ती चपडी टाकून द्या, ती कधीच वाळणार नाही. पहिले दोन हात (थर) याच दाटपणाचे, पुढचे तेवढंच स्पिरिट घालून पातळ केलेले. जुन्या मलमलमध्ये कापसाचा बोळा, आणि तो लाकडावर थांबू द्यायचा नाही. थांबला की खालचा थर ओढून घेतो. बोळा अडखळू लागला तर जवसाच्या तेलाचा एक थेंब, जास्त नको. दिवसाला तीन-चार हात, मग रात्रभर विश्रांती. आठ-दहा हातांत चांगली झळाळी येते.

दमट दिवशी केलंत तर पांढुरकी झाक येईल. ती ओल आहे. कोरड्या दिवशी नुसत्या स्पिरिटचा जेमतेम ओला बोळा भरभर फिरवला की जाते.

तेलाची फडकी चुरगाळून कचऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि फडकं आपोआप पेटू शकतं. उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

सांधा_आणि_सरस
पाय आणि चिरेबद्दल.

हलणाऱ्या पायात वरून फेविकॉल ओतून काही होत नाही. त्या काळचं काम सरसाचं (जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेल्या गोंदाचं) असतं आणि वाळलेल्या सरसावर फेविकॉल धरत नाही. सांधा पूर्ण उघडा. अडला तर फटीत थोडं स्पिरिट सोडा, सरस ठिसूळ होऊन सुटतो (आजूबाजूचं पॉलिश जपा). कुसू (खाचेत बसणारी लाकडी जीभ) आणि खाच कोमट पाण्याने व जुन्या दातघासणीने धुवा, दोन दिवस वाळवा, सागाचं तेल काढायला थिनरने पुसा आणि मगच चिकटवा. मी पुन्हा सरसच वापरेन, कारण पुढच्या माणसाला तो उघडता येतो. पण पाय जमिनीलगत आहे आणि लादी पुसताना पाणी लागणार असेल तर फेविकॉल मरीन. क्लॅम्प २४ तास. खिळा मारू नका, कुसू चिरतो.

पॅनेलला चीर का गेली ते आधी बघा. पॅनेल चौकटीच्या खाचेत मोकळं असायला हवं, ऋतूप्रमाणे फुगायला आणि आक्रसायला. मागून कोणी खिळे ठोकले असतील किंवा खाचेत रंग साचून ते जाम झालं असेल तर ते चिरणारच. अडकाव काढा, निम्म्या वेळा चीर आपोआप मिटत येते. उरली तर लांबी नको, सागाची पाचरीसारखी निमुळती पट्टी बसवा, रेषा जुळवून. तीही हिवाळ्यात. आत्ता चीर लहान दिसतेय.

पितळी_मूठ
हिरव्या ऑइलपेंटला सुका काचपेपर लावू नका. घरगुती रंगांत शिशाची ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७ पासून लागू झाली, त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं, आणि भुसा घरभर होतो. पेंट रिमूव्हर लावा, १५-२० मिनिटांनी बोथट पत्र्याने खरवडा. गॅलरीत, हातमोजे घालून, लहान मुलांना लांब ठेवून. कॉस्टिक सोड्याचा हौद सुचवणारे भेटतील. साग त्याने काळा पडतो आणि सगळे सांधे सुटतात.

मुठी आणि बिजागऱ्या काढूनच पितांबरी लावा. जागेवर घासलंत तर पांढरी पूड कोरीवकामात बसते. गंजलेला स्क्रू हलत नसेल तर डोक्यावर तापलेली सोल्डरिंग आयर्न मिनिटभर धरा, थंड होऊ द्या, मग खाचेत नेमका बसणारा पेचकस घ्या. एखादी मूठ हरवली असेल तर चोर बाजारात मटन स्ट्रीटला जुन्या पितळेची दुकानं आहेत. जुनी मूठ सोबत न्या. भोकांमधलं अंतर जुळलं नाही तर नवी भोकं पाडावी लागतात.

रंधा_पटाशी
पीयूबद्दल थोडी दुरुस्ती. जेवणाच्या टेबलाला किंवा झोपाळ्याच्या पाटाला मी पीयूच म्हणेन, चपडीवर गरम कप ठेवला की पांढरं वर्तुळ उठतं. कपाटावर कोणी कप ठेवत नाही.

शिवाय कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवून ठेवू नका, मागे तीन-चार इंच जागा सोडा. आणि आरसा काढायची वेळ आली तर मागचा पारा पुसू नका, स्पिरिटही लागू देऊ नका. डागाळलेला असला तरी तसाच परत बसवा.