मसाई पठारासाठी ट्रेल सायकल : चाक २९ चे की २७.५ चे, आणि ट्रॅव्हल किती?

राजारामपुरीकर

नमस्कार मंडळी. गेली चार वर्षे मी हायब्रिड सायकलवरून कोल्हापूर ते पन्हाळा जाऊन येते. आता डांबर सोडून मसाई पठारावरच्या आणि जोतिबाच्या डोंगराच्या पायवाटा धरायच्या आहेत. माझी उंची १५८ सेंमी आणि वजन ५४ किलो आहे. दोन फुल सस्पेन्शन (पुढे-मागे दोन्हीकडे धक्के झेलणाऱ्या) सायकली पाहून ठेवल्या आहेत. एकीला २९ इंची चाके असून पुढे १३० आणि मागे १२० मिमी ट्रॅव्हल (धक्का झेलताना चाक जास्तीत जास्त किती वर सरकू शकते ते अंतर) आहे, दुसरीला २७.५ इंची चाके आणि दोन्हीकडे १५० मिमी ट्रॅव्हल आहे. दुकानदाराच्या मते ट्रॅव्हल जितके जास्त तितकी सायकल चांगली, आणि माझ्या उंचीला २९ ची चाके झेपायची नाहीत. सायकल मोटारीवर लादून न नेता घरापासून चालवत जाणार आहे, हे ध्यानात घेऊन सल्ला द्यावा.

जांभादगड

ताई, आपल्याकडचा प्रश्न उंच उड्यांचा नाही, जांभ्याचा आहे. पठारावरचा जांभा चाळणीसारखा असतो. वाटीएवढे, कुठे ताटलीएवढे खळगे आणि त्यांच्या कडा धारदार. रिमवर जिथे टायर बसतो तिथला व्यास २९ ला ६२२ मिमी आणि २७.५ ला ५८४ मिमी असतो, म्हणजे त्रिज्येत फरक फक्त १९ मिमी. ऐकायला तो किरकोळ वाटतो. परंतु मोठे चाक खळग्यात कमी उतरते आणि समोरच्या कडेला कमी चढ्या कोनात भिडते, त्यामुळे वेग मोडत नाही आणि हातांना बसणारे हिसके कमी होतात. चाक थोडे जड होते आणि अरुंद वळणातून निघताना किंचित आळस करते, हे मान्य. पण पठारावर अशी वळणे आहेतच किती?

ट्रॅव्हलच्या बाबतीत मी स्वतः फसलो आहे. अशाच एका सल्ल्यावरून १६० मिमीची सायकल घेतली आणि पन्हाळ्याच्या चढावर दर रविवारी तिचे वजन ओढत राहिलो. फोर्कच्या, म्हणजे पुढच्या सस्पेन्शनच्या नळीवर रबरी कडे असते, ते किती सरकले यावरून प्रत्यक्षात किती ट्रॅव्हल वापरले ते कळते. पावसाळा संपल्यावर एकदा संपूर्ण फेरी करून पाहिले, तर कडे ९५ मिमीपुढे गेले नव्हते. उरलेले ६५ मिमी मी नुसतेच वर चढवत होतो. आपण १३०/१२० चीच घ्यावी.

घाटउतार

ट्रॅव्हलबद्दल सहमत आहे. उंचीचा मुद्दा मात्र दुकानदाराने अगदीच हवेत सांगितलेला नाही. बसून चालवताना २९ ची अडचण येत नाही. ती येते तीव्र उतारावर, जेव्हा शरीर मागे न्यावे लागते आणि मागचे चाक थेट पार्श्वभागाला घासते. म्हणूनच काही उत्पादक सर्वांत लहान फ्रेमला मुद्दाम २७.५ ची चाके देतात, तर काही जण पुढे २९ आणि मागे २७.५ अशी जोडी लावतात. २०१९ पासून यूसीआय या आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने माउंटन बाइकच्या शर्यतींतही अशा मिश्र चाकांना मुभा दिली आहे. चाचणीसाठी सायकल मागून घेऊन एखाद्या खड्या उतारावर पूर्ण मागे झुकून पाहावे. दुकानासमोरच्या सपाट रस्त्यावर चार चकरा मारून यातले काहीच समजणार नाही.

राजारामपुरीकर

आभारी आहे. चाचणीला नेण्यापूर्वी सस्पेन्शनमध्ये हवा किती भरावी? दुकानात सर्वांना एकाच दाबाने भरून देतात, असे दिसते.

जांभादगड

तिथेच घोळ होतो. आपल्यापेक्षा वीस किलो जड माणसासाठी भरलेल्या हवेवर १२० मिमीची सायकल आपल्याला लाकडी बाकासारखी लागेल. पूर्ण पोशाखात, पाठीवरच्या पाण्यासह सायकलवर पेडलवर उभे राहून मागचा शॉक (धक्का झेलणारी नळी) आणि पुढचा फोर्क किती दबतो ते मोजावे. मागे सुमारे ३० टक्के हवे. शॉकचा स्ट्रोक (चाकाचे ट्रॅव्हल नव्हे, तर शॉकची स्वतःची पूर्ण दबण्याची लांबी) ४५ मिमी असेल तर साधारण साडेतेरा मिमी. पुढे २० टक्के, म्हणजे १३० पैकी २६ मिमी. दाब कमी ठेवला की रिबाउंडही (दबलेला शॉक परत वर येण्याचा वेग) मोकळा करावा लागतो, नाहीतर लागोपाठच्या खळग्यांत शॉक वर येण्याआधीच पुन्हा दबत जातो आणि मग ट्रॅव्हल कमी पडल्यासारखे वाटते. टायरमधली हवाही अशीच वजनानुसार कमी करावी. त्याचा परिणाम तर सर्वांत आधी जाणवतो.

राजारामपुरीकर

२९ ची सायकल जोतिबाच्या उतारावर चालवून आणली. दुकानातून मिळाली तेव्हा मागचा शॉक जेमतेम ७ मिमी दबत होता. हवा काढून १३ वर आणला, तेव्हा तीच वाट वेगळी वाटू लागली. मागचा टायर दोनदा लागला, पण दोन्ही वेळा मी सीट खाली करायला विसरले होते. ड्रॉपर (चालवता चालवता सीट खाली नेणारा खटका) दाबून उतरले तेव्हा चार बोटे अंतर राहत होते. हीच घेते आहे.