आई पडायच्या आधी धोका कळेल असं काही आहे का? अ‍ॅप, घड्याळ की सेन्सर? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,
आम्ही नेरुळला राहतो. आई ७६ वर्षांची आहे, बीपी आणि शुगर दोन्हीच्या गोळ्या चालू आहेत. अजून पडलेली नाहीये, म्हणजे ती तसं सांगते, पण हल्ली घरातल्या घरात ती कशाला ना कशाला धरून चालते हे माझ्या लक्षात आलंय. पलंगावरून उठली की आधी कपाटाचं हँडल, मग डायनिंगच्या खुर्चीची पाठ, मग फ्रिज, आणि बाथरूमच्या चौकटीला हात लागल्याशिवाय पाय आत टाकत नाही. विचारलं तर "अगं काही नाही, सवय झालीये." संध्याकाळी सेक्टरमधल्या विरंगुळा केंद्रात जायची तेही कमी केलंय, म्हणते फुटपाथचे पेव्हर ब्लॉक उखडलेत. उखडलेत हे खरंच, पण ते आधीपण उखडलेलेच होते ना, तेव्हा जायचीच की.

आमच्याच बिल्डिंगमधल्या एका काकूंचं खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, पण त्या नंतर एकट्या खाली उतरल्याच नाहीत. तेव्हापासून मला खूप काळजी वाटतेय.

वाशीला दुकानांत विचारलं तर जो तो फॉल डिटेक्शनवालं घड्याळ काढून दाखवतो. ते आई पडल्यावर मला फोन लावणार, आणि दुपारी ती एकटी असते म्हणून तेही घेईन कदाचित, पण मला पडायच्या आधीचं हवंय. वाचलं की कमरेला सेन्सरचा पट्टा बांधून चालायला लावतात, त्यातून पावलं किती असमान पडतात, शरीर किती डुलतं ते कळतं, काही ठिकाणी प्रेशर मॅट असते, काही जण कॅमेऱ्याने चाल बघतात. एका विक्रेत्याने तर ज्येष्ठ नागरिक संघासाठी शिबिर करून प्रत्येकाला एआय रिपोर्ट देतो म्हणून सांगितलं, पण रिपोर्टमध्ये धोका जास्त आला तर पुढे बघणार कोण, हे विचारल्यावर त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. यातलं घरी करण्यासारखं आणि भरवशाचं काय आहे? कुणी आई-वडिलांसाठी वापरलंय का?

प्रतिसाद – फिजिओ, ठाणे
ताई, तुम्ही जे धरून धरून चालणं लिहिलंय ना, ते डॉक्टरांना अगदी असंच सांगा, ते फार महत्त्वाचं आहे. सेन्सर वाईट नाहीत, पण घरी सुरुवात खुर्ची आणि मोबाइलच्या स्टॉपवॉचने करा. हातांची खुर्ची घ्या, समोर ३ मीटरवर जमिनीला टेप लावा. आईंनी उठायचं, नेहमीच्या चालीने टेपपर्यंत जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर धोका आहे असं धरतात. पायात रोजच्या वापरातलीच चप्पल ठेवा, तुम्ही अगदी बाजूला उभ्या राहा आणि दुसऱ्या कुणाला तरी व्हिडिओ काढायला सांगा, कारण वळताना किती पावलं लागतात आणि तोल कुठे जातो ते सेकंदात दिसत नाही, व्हिडिओत दिसतं.

दुसरी टेस्ट, हात छातीवर क्रॉस करून ३० सेकंदांत किती वेळा उठून उभ्या राहतात ते मोजा. त्यांच्या वयाच्या बायकांना १० पेक्षा कमी जमलं तर पायातली ताकद कमी समजायची. हाताचा आधार घेऊन उठल्या तर शून्य.

आणि घरात डिजिटल बीपी मशीन असेलच. ५ मिनिटं झोपवून बीपी घ्या, मग उभं करून १ मिनिटाने आणि ३ मिनिटांनी परत घ्या. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर लगेच डॉक्टरांना दाखवा. बीपीच्या, झोपेच्या गोळ्यांनी असं होऊ शकतं. गोळ्या स्वतःच्या मनाने बंद मात्र करू नका. मोतीबिंदू आणि पायाची बधिरता पण तपासून घ्या, शुगर आहे म्हणून मुद्दाम सांगतोय.

प्रतिसाद – कोपरी पूर्व
माझ्या वडिलांकडे आयफोन आहे, त्यात हेल्थ अ‍ॅपमध्ये चालण्याची स्थिरता दाखवतं, ठीक, कमी, खूप कमी अशा तीन पायऱ्या, आणि पुढच्या १२ महिन्यांत पडण्याचा धोका किती त्याचा अंदाज त्यावरून येतो. आयफोन ८ आणि त्यापुढचे चालतात. पण फोन चालताना कमरेजवळ पाहिजे, खिशात वगैरे. बाबांच्या पँटला खिसा आहे म्हणून जमतं, माझी आई घरी गाऊनवर असते आणि फोन टीव्हीशेजारी, तिचं काहीच मोजलं जात नाही. तुमच्या आईंसाठी कमरेला छोटा पाऊच बांधून बघा, आणि एका दिवसाच्या आकड्याने घाबरू नका, महिनाभरात खाली जातोय का तेवढं बघा.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. आज सकाळी बीपी बघितलं. झोपून वरचा १४२, उभं राहून १ मिनिटाने ११६! आणि तेव्हाच आई म्हणाली की अंधारी आल्यासारखं रोजच होतं, त्यात काय सांगायचं. खुर्चीच्या टेस्टला १७ सेकंद लागले, जाता-येताना ठीक चालली पण वळताना एवढी छोटी छोटी पावलं टाकली की व्हिडिओ बघून मला धस्स झालं. दोन्ही आकडे लिहून व्हिडिओसकट उद्या आमच्या डॉक्टरांकडे नेतेय, गोळ्यांचं ते सांगतील तसं करू. सेन्सरचा पट्टा सध्या घेत नाही.

आता दोन गोष्टी सांगा. नेरुळ-सीवूड्स भागात घरी येऊन बॅलन्सचे व्यायाम घेणाऱ्या फिजिओचा कुणाला अनुभव आहे का, बाई असल्या तर आई जास्त मोकळेपणाने करेल. आणि बाथरूमच्या टाइल्सवर ड्रिल करून बसवलेला हँडल बार बरा की चिकटवायचा? चिकटवलेल्यावर आईने पूर्ण भार टाकला तर तो टिकेल असं मला वाटत नाही, पण प्लंबर म्हणतो ड्रिल केलं तर टाइल तडकेल.