सेलिमियेचा छेद काढताना: घुमट आयासोफियापेक्षा मोठा धरायचा का?

नकाशेवाला:
तुर्कस्तानातल्या एदिर्नेच्या सेलिमिये मशिदीचा (सोळाव्या शतकातला ऑटोमन वास्तुविशारद सिनान याचं काम) तळ-आराखडा आणि उभा छेद, म्हणजे इमारत उभी कापल्यावर दिसणारं चित्र, 1:200 प्रमाणात काढायचा आहे. अडलंय ते असं:

घुमटाचा व्यास बहुतेक ठिकाणी 31.25 मीटरच्या आसपास दिलेला असतो आणि पुढे ‘सिनानने आयासोफियाला मागे टाकलं’ असं ठासून लिहिलेलं असतं. पण आयासोफियाचे (इस्तंबूलची सहाव्या शतकातली बायझंटाईन चर्चची इमारत) आकडेही 31 च्याच घरात आहेत. मग मागे टाकलं ते कशात?

सुलेमानियेत (सिनानचीच इस्तंबूलमधली आधीची मशीद) चार खांबांवर भागलं, इथे आठ कशासाठी? आणि आराखड्यात ते नेमके कुठे मांडायचे?

मिनाराचा व्यास जेमतेम 3.8 मीटर. त्यात तीन वेगवेगळे जिने बसवले आहेत म्हणतात, ते कसे?

छेदात घुमटाचे थर दाखवायचे आहेत, त्यांचा क्रमही हवा आहे.

कर्कटक:
व्यासाचा वाद मुळात पोकळ आहे, कारण आयासोफियाचा घुमट आता गोल राहिलेलाच नाही. पहिला घुमट 558 मध्ये कोसळला, दुसरा जास्त उंच करून 562 मध्ये पुरा झाला. पुढे 989 मध्ये पश्चिमेचा आणि 1346 मध्ये पूर्वेचा भाग पडला. प्रत्येक वेळी उरलेल्या भागाला जुळवून नवा तुकडा बांधला. त्यामुळे एका दिशेला तो 31 मीटरच्या किंचित खाली भरतो, तर दुसरीकडे किंचित वर. सेलिमियेचा घुमट मात्र नीट वर्तुळाकार आहे. व्यासात दोघे बरोबरीचे धरा.

जमिनीपासूनची उंची पाहिली तर आयासोफिया सरळ जिंकते: तिथे सुमारे 55.6 मीटर, इथे सुमारे 43. साई मुस्तफा चेलेबीने लिहून ठेवलेल्या सिनानच्या आठवणींत उंचीत सहा झिरांनी मात केल्याचा दावा आहे. बांधकामाचा झिरा सुमारे 75.8 सेंटीमीटरचा, म्हणजे सहा झिरा झाले साडेचार मीटर. जमिनीपासूनच्या उंचीला हा दावा लागूच पडत नाही. काठापासून वरची नुसती वाटी मोजली तरच त्यावर बोलता येईल. ‘असा घुमट मुसलमानांना जमणार नाही’ या ख्रिस्ती वास्तुविशारदांच्या टोमण्याला उत्तर म्हणून ते लिहिलंय, हे लक्षात ठेवून वाचा.

तुमच्या कागदावर घुमटाचा आतला व्यास 15.6 सेंटीमीटर, उंची 21.5, आणि सुमारे 71 मीटरचे मिनार 35.5 सेंटीमीटर. कागद उभा घ्या.

कमानदार:
आठ खांबांचं उत्तर भूमितीत आहे, कंपास घेऊन बसा.

15.6 मीटर त्रिज्येच्या वर्तुळाभोवती चौरस काढा. चौरसाचा कोपरा वर्तुळापासून साडेसहा मीटर लांब राहतो. चार खांबांच्या रचनेत ही पोकळी पेंडेंटिव्हने, म्हणजे कोपऱ्यातून वर झुकत येणाऱ्या वक्र त्रिकोणाने, भरावी लागते, आणि घुमट पेलणारी प्रत्येक कमान जवळजवळ घुमटाएवढीच रुंद होते. आता त्याच वर्तुळाभोवती अष्टकोन काढा. कोपरा वर्तुळापासून फक्त 1.3 मीटरवर येतो आणि बाजू सुमारे 13 मीटरची होते. कमान निम्म्याहून लहान झाली आणि झुकत्या बांधकामाचा प्रश्नच जवळपास मिटला.

सिनान एका उडीत इथवर पोचलेला नाही. शेहजादे मशिदीत (1543–48) मध्ये 19 मीटरचा घुमट आणि चारी बाजूंना अर्धघुमट. सुलेमानियेत (1550–57) आयासोफियाचीच योजना: चार खांब, दोन अर्धघुमट. अष्टकोन त्याने रुस्तम पाशा मशिदीत लहान मापावर आजमावला होता, मग 1568 पासून सेलिमियेत हा आकार दुप्पट केला. तोवर वय ऐंशीच्या घरात.

मांडणीत हमखास होणारी चूक म्हणजे मुख्य अक्षावर खांब येणं. अष्टकोनाच्या बाजू अक्षांना आडव्या ठेवा, कोपरे नकोत. मिहराबची (नमाजाची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्याची) भिंत एका बाजूला समांतर. तिथे मिहराबचा कोनाडा बाहेर ढकललाय, त्याच्या तिन्ही बाजूंनी उजेड येतो. चार तिरक्या बाजूंवर चार छोटे अर्धघुमट, म्हणजे चौकोनी दालनाचे कोपरे भरून निघतात. मिहराबच्या अक्षावरून छेद घेतलात तर एकही खांब कापला जाणार नाही, कमानींची पोकळी कापली जाईल. छेदात खांब काळे भरलेले दिसले तर समजा रेषा चुकली.

ऐन मध्यावर, घुमटाच्या बरोबर खाली, बारा बुटक्या संगमरवरी खांबांवर मुअज्जिनांचा (अजान देणाऱ्यांचा) चौथरा आहे आणि त्याखाली कारंजं. ते छेदात येणारच. माझ्या मते एवढी मोकळी जागा साधून मधोमध हा अडसर ठेवणं सिनानला शोभत नाही, पण म्हणून नकाशातून गाळू नका. तिथल्या खांबावर कोरलेल्या उलट्या ट्यूलिपच्या फुलाची दंतकथा मात्र खुशाल गाळा.

पाडाचा अभ्यासक:
@कमानदार, भूमिती बरोबर, पण एवढ्यावर सोडलं तर वाचणाऱ्याला वाटेल की सगळा ताण अर्धघुमटच घेतात. ते फक्त तिरक्या बाजूंना आहेत.

विटांचा अर्धगोल घुमट स्वतःच्या वजनाने काठाशी फाकू पाहतो. माथ्यापासून साधारण 52 अंशांच्या खाली त्याच्या आडव्या कड्यांत ओढ निर्माण होते, आणि ओढ सोसणं हे विटेचं काम नव्हे. मग उभ्या भेगा पडतात. तळाशी खिडक्यांची रांग असते ती भेगा पडणाऱ्या याच पट्ट्यात. तिथे सलग भिंत असती तरी ती तडकलीच असती.

बाहेर ढकलणारा हा जोर सेलिमियेत आठ खांबांकडे जातो. खांबांच्या डोक्यावर, घुमटाभोवती, बाहेरून आठ बुरूज दिसतात. ते शोभेचे नाहीत. तिरक्या जोरात वरून उभं वजन मिसळलं की एकत्रित जोराची दिशा जास्त खडी होते आणि तो खांबाच्या पायातच उतरतो. छेदात हे बुरूज मागच्या रेषेत दाखवायला विसरू नका. त्यांच्याशिवाय घुमट कशावर उभा आहे ते कळत नाही.

आयासोफियात नेमकं हेच जमलेलं नाही. पूर्व-पश्चिमेला अर्धघुमट आहेत, उत्तर-दक्षिणेला नुसत्या कमानी, म्हणून इमारत त्या दिशेने फाकली. 1573 मध्ये तिला बाहेरून नव्याने आधार दिले गेले तेही सिनानच्याच देखरेखीखाली, इकडे सेलिमियेचं काम चालू असताना. चार खांबांचं दुखणं तो रोज हाताळत होता.

चुनागच्ची:
थर, आतून बाहेर:

1. आतला गिलावा आणि रंगकाम. आजचं रंगकाम सिनानच्या काळचं नाही, तेव्हा ‘मूळ नक्षी’ असं लेबल लावू नका.
2. विटांचं बांधकाम, होरासान चुन्यात. चुन्यात भाजक्या विटेची भुकटी मिसळतात, त्यामुळे तो ओलाव्यातही आवळतो, पण पूर्ण ताकद यायला फार वेळ घेतो. भिंती आणि खांब चुनखडीच्या दगडाचे, घुमट विटांचा, कारण वीट हलकी.
3. मातीचा लेप. शिशाला टेकायला मऊ गादी.
4. शिशाचे पत्रे. 1:200 ला ही फक्त एक जाड रेघ.

पत्र्यांचे सांधे डाग देऊन जोडत नाहीत, एकावर एक दुमडतात. एक मीटर शिसं 50 अंशांच्या फरकाने सुमारे दीड मिलिमीटर वाढतं. सांधा घट्ट केला तर पत्रा फुगतो, मग चिरतो. पाणी मातीत मुरतं, तिथून विटांत, आणि आतल्या रंगावर डाग उमटतो. डाग दिसेपर्यंत गळती जुनी झालेली असते.

दुसरं दुखणं दगड बांधणाऱ्या लोखंडी आकड्यांचं. ते शिसं ओतून बसवतात. शिसं निघालं की लोखंड गंजतं, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि दगडाची कड उडते. त्यावर सिमेंट थापणं सगळ्यात वाईट: ओल आत कोंडते, क्षार दगडात उतरतात आणि सिमेंट शाबूत राहून शेजारचा दगड झिजतो.

कर्कटक:
जिन्यांचं राहिलं. तीन जिने चारही मिनारांत नाहीत. मुख्य दरवाजाच्या दोन बाजूंच्या मिनारांतच आहेत, उरलेल्या दोघांत एकेकच. सज्जे मात्र प्रत्येकाला तीन. ही युक्ती सिनानची नव्हे. एदिर्नेतच सुलतान दुसऱ्या मुरादच्या उच शेरेफेली मशिदीत (1447 मध्ये पूर्ण) ती आधी आली आहे.

तीन आट्यांचा स्क्रू डोळ्यांसमोर आणा. मधल्या दांड्याभोवती तिन्ही पायवाटा 120 अंशांच्या अंतराने सुरू होतात आणि एकीचं छत म्हणजे दुसरीचा तळ. डोक्याला जागा आणि दगडाची जाडी मिळून दोन मीटर धरा. मग प्रत्येक जिन्याला एका फेरीत सहा मीटर चढावं लागतं. मधली वाट सुमारे 0.9 मीटर त्रिज्येवर असेल तर एका फेरीत आडवं अंतर साडेपाच मीटरच. म्हणजे चढ 45 अंशांच्या वर. तीन माणसं एकाच वेळी चढली तरी एकमेकांना दिसत नाहीत.

1:200 वर मिनार 19 मिलिमीटरचा होतो, त्यात तीन जिने काढायला जाऊ नका. 1:50 चा वेगळा तपशील काढा आणि तीन पायवाटांना तीन रंग द्या.

नकाशेवाला:
खांब अक्षावरच मांडले होते. पान फाडलं, अष्टकोन साडेबावीस अंश फिरवून परत सुरुवात करतोय.